नेवाडातल्या एल्को काउंटीचा 1900 च्या आसपासचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा कुठे मिळेल? त्यावरून अंतर मोजता येतं का?

यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) टोपोव्ह्यू संकेतस्थळावर जुने नकाशे फुकट मिळतात आणि त्यांवरून अंतरही मोजता येतं. मात्र अख्ख्या काउंटीचा एकच कागद शोधू नका; हे नकाशे अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत कापलेले असतात, त्यामुळे अनेक उतरवावे लागतील. जिओटिफच (स्थाननिर्देश असलेली चित्र-फाइल) घ्या, तो क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपोआप जागेवर बसतो. जेपीईजीला स्थाननिर्देश नसतात. कागदावर मोजायचं तर 1:125,000 प्रमाणाच्या नकाशावर 1 सेंमी म्हणजे सव्वा किलोमीटर, 1:250,000 ला अडीच. छपाईचं नव्हे, समासातलं सर्वेक्षणाचं साल बघा. जुनाच नकाशा पुढे अनेक वर्षं पुन्हा छापत. एक मर्यादा: डोंगराळ भागातल्या तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बऱ्याचदा नजरेच्या अंदाजाने काढलेल्या आहेत, म्हणून ओढा किंवा पाऊलवाट आजच्या जीपीएसपासून शेकडो मीटर सरकलेली दिसू शकते.