पिंग बरोबर येतं, तरी समोरच्याला आमचा आवाज तुटक ऐकू येतो. ऑफिसच्या फोन नेटवर्कवर कॉल क्वालिटी मॉनिटरिंग कसं बसवायचं?

मकरपुरा जीआयडीसीत युनिट, अलकापुरीत ऑफिस, मिळून चाळीसेक एक्स्टेन्शन, अ‍ॅस्टेरिस्कचा पीबीएक्स (ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं सॉफ्टवेअर), आणि दुपारी पार्टीचा फोन आला की "तमारो अवाज कपाय छे", म्हणजे तुमचा आवाज तुटतोय. तुमचा प्रश्न वाचला. मी वडोदऱ्यातच ऑफिसांचे फोन बसवायचं काम करतो आणि ही तक्रार इतकी ऐकतो की जरा सविस्तरच सांगतो.

आधी पिंगचं. लाइनवाला खोटं बोलत नाहीये, पण त्याचं पिंग (लाइन पोचते का हे बघायची चाचणी) साधारण सेकंदाला एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, टाकतं आणि तुमच्या कॉलमध्ये एका दिशेने सेकंदाला ५० पॅकेट जातात, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचा आवाज. त्यातली सलग पाच-सहा गेली की आख्खं अक्षर गेलं, मग पार्टी 'पंदर' म्हणाली की 'पचास' हे कुणी सांगावं, आणि पिंगला त्याचा पत्ताही नसतो.

माझं ठाम मत, मॉनिटरिंग बसवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही दिशा वेगवेगळ्या मोजा. बरेच जण स्विचवर पोर्ट मिरर करून (म्हणजे पीबीएक्सच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढून) पीबीएक्सशेजारी एक छोटा पीसी ठेवतात, त्यावर होमर किंवा व्हीओआयपीमॉनिटर ही कॉल तपासणारी सॉफ्टवेअर टाकतात आणि ग्राफ हिरवा दिसला की खूश. पण तिथून बाहेर जाणारा आवाज कायम स्वच्छच दिसणार, कारण तो अजून तुमच्या लाइनवर गेलेलाच नाहीये! समोर काय पोचलं हे फक्त समोरून येणाऱ्या आरटीसीपी रिपोर्टमध्ये (कॉल चालू असताना दोन्ही टोकं एकमेकांना पाठवतात तो क्वालिटीचा हिशोब) कळतं. कॉल चालू असताना अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलवर 'पीजेसिप शो चॅनलस्टॅट्स' मारून बघा, रिसीव्ह आणि ट्रान्समिट दोन्हीचा लॉस (हरवलेली पॅकेट) आणि जिटर (पॅकेट पोचण्याच्या वेळेतला चढउतार) वेगळा दिसेल. मात्र काही प्रोव्हायडर आरटीसीपी पाठवतच नाहीत, तेव्हा ट्रान्समिटला दिसणारं शून्य खरं धरू नका, आधी विचारून घ्या. आणि रिपोर्ट आला तरी तो त्यांच्या गेटवेपर्यंतचाच असतो.

वाघोडिया रोडच्या एका गोडाऊनमध्ये अगदी तुमच्यासारखंच होतं. रिसीव्हला लॉस शून्य, ट्रान्समिटला चार-पाच टक्के, आणि तेही दुपारीच. राउटरचा अपलोड ग्राफ शेजारी लावला तर त्याच वेळी तो छताला टेकलेला, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढत होतं. ते काम रात्रीवर ढकललं आणि राउटरवर अपलोड लाइनच्या स्पीडपेक्षा थोडा कमी बांधून आवाजाला पहिला नंबर दिला, तक्रार बंद. तुमचंही 'दुपारी' वाचून मी आधी अपलोडच बघेन. जी.७११ वर (आवाज डेटात बदलायची नेहमीची पद्धत, म्हणजे कोडेक) एका कॉलला एका दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे दहा कॉलनाही एक एमबीपीएस पुरतो, लाइन मोठी घेऊन हे सुटत नाही. डीएससीपी ४६ चा शिक्का ('हे पॅकेट आवाजाचं, आधी सोडा' अशी खूण) लावाच, पण तो तुमच्या स्विच-राउटरपुरता, बाहेर इंटरनेटवर त्याला कुणी विचारत नाही.

आता बसवायचं कसं. तुमच्याकडे अ‍ॅस्टेरिस्क आहेच, तर त्याचं हेप मॉड्यूल (कॉलची माहिती होमरकडे धाडणारा भाग) आणि आरटीसीपीवालं हेप मॉड्यूल चालू करून डेटा होमरला पाठवा, होमर फुकट आहे. मिरर पोर्ट त्याच्या जोडीला ठेवा. टेबलावरच्या फोनमध्ये आरटीसीपी एक्सआर (त्याच रिपोर्टचा जास्त तपशिलाचा प्रकार) असेल तर तेही ऑन करा, कारण उशिरा आलेलं पॅकेट फोनचा जिटर बफर, म्हणजे पॅकेट थोडी थांबवून सारख्या अंतराने वाजवणारा भाग, फेकून देतो, नेटवर्क म्हणतं लॉस शून्य आणि कानाला तुटक, हा फरक एक्सआरमध्येच दिसतो. एसआरटीपी (आवाज कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवणं) वापरत असाल तर मिररवर लॉस मोजता येईल पण आरटीसीपी वाचता येणार नाही, तेव्हा आकडे पीबीएक्सकडूनच घ्या. आणि सगळ्या डिव्हाइसचं घड्याळ एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवून घेणं) लावा, नाहीतर तक्रारीची वेळ आणि कॉलचा रेकॉर्ड कधी जुळणार नाही.

अलार्मसाठी: एका बाजूचा डिले १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर ३० च्या आत, लॉस १ टक्क्याखाली. एमओएस हा आवाजाच्या दर्जाचा १ ते ५ मधला आकडा सॉफ्टवेअर हिशोबाने काढतं, जी.७११ ला तो फार तर ४.४ पर्यंत जातो आणि जी.७२९ चा (कमी डेटात आवाज पाठवणारा दुसरा कोडेक) मुळातच कमी, म्हणून दोघांची सरासरी काढू नका. मी ३.६ खाली अलार्म लावतो, तोही कॉलप्रमाणे. दिवसाच्या सरासरीत तुमची दुपार बुडून जाते.

ऑडिओ मात्र साठवू नका, हेडर (पॅकेटवरची नंबर-वेळेची माहिती) पुरतात. लोकांचं बोलणं विनाकारण जपून ठेवणं बरोबर नाही.

आठवडाभर चालू द्या, रिसेप्शनवरच्या बाईंना तक्रार आली की वेळ, एक्स्टेन्शन आणि 'आपल्याला तुटलं की समोरच्याला' एवढं लिहायला सांगा. मग वाईट निघालेल्या कॉल्सचे आयडी, वेळ आणि ट्रान्समिट लॉस प्रोव्हायडरला मेल करा, आणि त्याच वेळेचा तुमचा अपलोड ग्राफ रिकामा असेल तर तोही जोडा, म्हणजे पिंगचा स्क्रीनशॉट परत यायचा नाही.