पूरग्रस्तांसाठी गोळा केलेलं सामान साठवायचं कसं आणि गाडीत भरायचं कसं?

तुम्ही विचारलंय की मंडळातर्फे पूरग्रस्तांसाठी एक आयशर भरून सामान पाठवायचंय, तोवर आठ दिवस ते शाळेच्या खोलीत राहील, तर काय काळजी घ्यावी. मी अमळनेरला भुसार मालाच्या गोदामात कामाला आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांना पूर आला, तेव्हा आमच्याकडूनही एक गाडी गेली होती. आधी आमची फजिती सांगतो.

लोकांनी जे दिलं ते आलं तसं भरलं. तिथे गाडी खाली करताना हमाल प्रत्येक गोणीपाशी विचारायचा, "भाऊ, यामा काय शे?" आणि आम्हाला सांगता येईना. साड्यांखाली तांदूळ, तांदळाखाली मेणबत्त्या. बिस्किटांचे खोके फिनाईलच्या कॅनला टेकून आले होते. पुडा फोडला की फिनाईलचाच वास. सगळी फेकली. अर्धा दिवस निवडण्यात गेला, आणि निवडायला बसले कोण, तर ज्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर चिखल होता तेच.

म्हणून निवडानिवड तुमच्याच गावात उरका. जुने कपडे तर घेऊच नका, लोक रागावले तरी चालेल.

खोलीत गोणी थेट फरशीवर नको, पावसाळ्यात फरशीला ओल सुटते. खाली फळ्या टाका, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडा, म्हणजे हवा खेळते आणि उंदीर लागले तर दिसतात. थप्पी लावताना एक थर उभा, वरचा आडवा. नाहीतर रात्रीतून सरकते. साबण, फिनाईल, डासांच्या अगरबत्त्या दुसऱ्या खोलीत. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे. प्रत्येक थप्पीला एक पुठ्ठा सुतळीने बांधा: आलं किती, गेलं किती, शिल्लक किती.

पाण्याच्या बाटल्यांचा मोह आवरा. पिणं, स्वयंपाक, धुणंपुसणं धरून माणशी दिवसाला १५ लिटर हा मदतकार्यातला किमान हिशोब. पाचशे माणसांना म्हणजे साडेसात हजार लिटर, साडेसात टन! आख्खी गाडी एका दिवसात संपली. त्यापेक्षा झाकणाचे कॅन आणि क्लोरीनच्या गोळ्या द्या, पाणी टँकरने येतं.

सुटं धान्य पाठवण्यापेक्षा एका घराची एक पिशवी करा, दहा-बारा किलोची, एकट्या बाईला उचलता येईल अशी. वाटपात भांडणं होत नाहीत. गाडी भरताना जड तळाला, आणि जे आधी लागणार ते सगळ्यात शेवटी, मागच्या फाळक्याजवळ. वर ताडपत्री दुहेरी.

निघण्याआधी तिथल्या तहसील कार्यालयाला फोन करून दोन गोष्टी विचारा: माल ताब्यात कोण घेणार, आणि गाडी कुठपर्यंत येते. आमच्या वेळी कन्नड घाट दरडीने बंद होता. आम्ही धुळ्याच्या अंगाने गेलो म्हणून अडकलो नाही. शेवटच्या वस्तीला आयशर जातच नाही, ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असतं. तिथे ट्रॅक्टरची ट्रॉली लागते, ती आधीच ठरवून ठेवा.

आणि भरणाऱ्यांपैकी एक जण गाडीबरोबर जाऊ द्या. कुठली पिशवी कुठे आहे ते ड्रायव्हरला माहीत नसतं.