गुलमोहर राखावा की काढावा?

प्रश्न : आमच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला गुलमोहर आहे. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात त्याच्या दोन मुख्य फांद्यांपैकी एक फाटून पडली आणि खोडाची साल कमरेच्या उंचीपर्यंत सोलली गेली. दिवाळीपासून उरलेल्या फांदीच्या बेचक्यात तपकिरी जाळी दिसते, आणि खाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवर रोज सकाळी भुसा पडलेला असतो. खोडाचा घेर 150 सेंटिमीटर, तर जखमेची रुंदी 50 सेंटिमीटर आहे. उरलेली फांदी फाटकावर झुकली आहे. औषध करून झाड वाचवावे, की काढून टाकावे?
— एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : आपण मापे घेऊन पाठवलीत, त्यामुळे उत्तर देणे बरेच सोपे झाले. आपण वर्णन केलेली कीड म्हणजे साल खाणारी अळी असावी. ती दिवसा खोडातील बिळात लपते आणि रात्री स्वतःच्या विष्ठेच्या व भुशाच्या जाळीखाली राहून साल कुरतडते. एखाद्या संध्याकाळी सगळी जाळी ब्रशने खरवडून काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. जिथे ताजा भुसा दिसेल तेच बीळ जिवंत समजावे. त्यात सायकलच्या चाकाची जुनी तार खोलवर घालून फिरवावी, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा सारून तोंड चिखलाने लिंपावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहणी केली की हे काम बहुधा उरकते. महागडी फवारणी बिळातल्या अळीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून तो खर्च करू नये.

तेव्हा किडीपायी झाड तोडण्याचे कारण नाही. खरा प्रश्न जखमेचा आहे. घेराच्या एक तृतीयांश साल गेली तरी झाड जगू शकते. मात्र झाड जगणे आणि ते उभे राहण्यास सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गुलमोहराचे लाकूड मुळातच ठिसूळ, त्यातून ही उघडी जखम कोल्हापूरचा अख्खा पावसाळा भिजलेली. लाकडी हातोडीने खोडावर ठोकत जा; आवाज पोकळ येऊ लागेल तिथे जाणकाराकडून बारीक छिद्र पाडून घेऊन निरोगी लाकूड किती जाड आहे ते मोजा. आपल्या खोडाची त्रिज्या साधारण 24 सेंटिमीटर भरते. निरोगी लाकडाची जाडी तिच्या एक तृतीयांशाहून, म्हणजे 8 सेंटिमीटरहून, कमी असेल तर खोड धोक्याचे मानावे. बुंध्याशी अळंबी उगवली असेल किंवा झुकावाच्या उलट बाजूची माती उचलली गेली असेल, तर मोजमापाची वाट पाहू नये. पानगळीवरून मात्र काहीच ठरवू नका, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये धडधाकट गुलमोहरही पाने टाकतो.

जखमेत सिमेंट भरण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका. आत पाणी साचून कूज वाढते.

लाकूड पक्के निघाले, तर फाटकावरची फांदी उन्हाळ्याआधी हलकी करून घ्यावी. मात्र एका वेळी पालवीचा चौथा हिस्साच काढावा. तरीही माझे मत विचाराल, तर फाटकाखालून रोज माणसांची ये-जा असताना मी हे झाड दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे ठेवणार नाही. सासऱ्यांची आठवण म्हणून जीव अडकतो हे समजू शकते. ते झाड अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात असते, तर माझा सल्ला वेगळा असता.

काढायचे ठरले, तर झाड आपल्या अंगणातले असले तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार महापालिकेची परवानगी आधी घ्यावी लागते. अर्जासोबत जखमेची व झुकलेल्या फांदीची छायाचित्रे जोडा. त्या जागी तामण लावता येईल, परंतु जुन्या बुंध्यापासून दोन-तीन मीटर सोडून खड्डा घ्या आणि यंदाच्या जूनमध्येच रोप लावा, म्हणजे गुलमोहर उभा असतानाच ते वाढीला लागेल.