लाल रंग जास्त होतोय का?

प्रश्न: ताई, आम्ही सहा मैत्रिणी बसथांब्यासमोरची एक भिंत रंगवणार आहोत. विषय आहे रस्त्यावरची छेडछाड. मालकांची परवानगी मिळाली आहे. कच्चं चित्र बघून एक ओळखीचे काका म्हणाले, "विषय चांगला आहे, पण लाल जरा कमी करा. इतकी आदळआपट केली की लोक मान फिरवतात." आता आमच्यातच दोन तट पडलेत. राग सौम्य करावा का?

उत्तर: लाल राहू द्या. काकांना चहा द्या आणि लाल राहू द्या. फक्त तो लाल तिथे काय काम करतोय, हे तुमच्यातल्या प्रत्येकीला सांगता आलं पाहिजे.

१९७७ साली सुझान लेसी या अमेरिकी कलावतीनं 'थ्री वीक्स इन मे' या कामात लॉस एंजेलिसचा भलामोठा नकाशा सार्वजनिक जागी लावला. पोलिसांत नोंदलेला प्रत्येक बलात्कार जिथे घडला, तिथे रोज एक लाल शिक्का. आणि त्या शिक्क्याभोवती नऊ फिकट शिक्के, नोंदच न झालेल्यांचे. किंचाळणारा चेहरा नाही, आवळलेली मूठ नाही. कचेरीत उमटतो तसा नुसता शिक्का! म्हणूनच तो अंगावर येतो. शेजारी दुसरा नकाशा होता, मदत कुठे मिळेल ते दाखवणारा. त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही.

राग सौम्य केला की तो नाराजी होतो, आणि नाराजी कुणी थांबून बघत नाही.

पण माझी फजितीही सांगते. मी आयुष्यभर नाटकांचे पडदे रंगवले. एकदा एका भिंतीवर मनातलं सगळंच ओतलं: साखळ्या, डोळे, आग, तुटका आरसा, वर चार घोषणा. दुसऱ्या दिवशी समोर उभी राहिले, तर एक गृहस्थ म्हणाले, "वा, रंग छान आहेत." त्यांचं काय चुकलं? इतक्या गोष्टी एकदम सांगितल्या, तर माणूस रंगच बघणार.

पॅरिसमध्ये २०१९ पासून बायका रात्री भिंतींवर स्त्रीहत्यांविरुद्धची वाक्यं चिकटवू लागल्या. एका पांढऱ्या कागदावर एकच काळं अक्षर, ओळीनं कागद, बास. रस्त्यापलीकडून वाचता येतं. सकाळी कुणी अर्धं वाक्य फाडून काढलं, तर उरलेली अक्षरं आणखीच बोचतात.

तेव्हा कच्चं चित्र घ्या, भिंतीवर टेकवा आणि एकीला बसच्या खिडकीत बसवा. बस सुटेपर्यंत तिला काय दिसलं ते तिला एका वाक्यात लिहायला सांगा. ते वाक्य मला कळवा. लाल किती, ते मग ठरवू. आणि ऊन-पावसाची भिंत असेल तर आधी प्रायमर मारा, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात; आणि लाल उन्हात टिकणारा घ्या, बरेच लाल लवकर विटतात.