वाचकांचे प्रश्न : निवृत्तीनंतरची लागवड

प्रश्न : मी पुढील वर्षी निवृत्त होत आहे. गायन, संस्कृतचा अभ्यास आणि एका संस्थेचे काम हे सारे लगेच सुरू करावेसे वाटते. नियोजन कसे करावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण कोकणातले, म्हणून हापूसच्या बागेचाच दाखला देतो. पारंपरिक लागवडीत दोन कलमांमध्ये सुमारे १० मीटर अंतर सोडतात. नवख्याला ती मोकळी जमीन वाया गेल्यासारखी वाटते, परंतु झाडे वाढून फांद्या एकमेकींत शिरल्या आणि ऊन अडले की मोहोर कमी होतो व कीड वाढते. तोवर मधल्या जागेत भाजीपाला घेता येतो. शिवाय कोवळ्या कलमाला आलेला मोहोर पहिली तीन-चार वर्षे खुडावा लागतो (तेव्हा भल्याभल्यांचा हात अडखळतो), नाहीतर झाडाचा सांगाडा पोसला जात नाही.

आपले गायन आणि संस्कृत ही दोन्ही कलमे दीर्घ मुदतीची आहेत, तेव्हा ती एकदम लावू नयेत. आधी गायन घ्यावे, असे माझे मत आहे. संस्थेचे काम आंतरपिकासारखे, वर्षभराच्या बोलीवर स्वीकारावे. पहिल्याच वर्षी गणेशोत्सवात गाण्याचा आग्रह झाला, तर तो नम्रपणे नाकारावा.