तेलाचे रेणू पाण्याला ढकलतात म्हणून ते पाण्यात एकत्र येतात ना? औषध प्रथिनाला चिकटतं तेही असंच का?

ढकलत नाहीत. हेच वाक्य मी एम.एस्सी.च्या व्हायवात बोललो होतो आणि २० पैकी ८ मार्क घेऊन बाहेर आलो होतो, त्यामुळे जरा लांबण लागणार.

बाहेरचे परीक्षक आले होते. "आमटीवर तेलाचे थेंब जवळ का येतात?" मी म्हटलं, सर, ढकलत काही नाही, उलट तेलाला पाण्याचं आकर्षण असतं. "म्हणजे प्रेमप्रकरण का?" आमचे सरसुद्धा हसले. माझे आकडे घशातच राहिले. ते आता लिहितो.

तेलाच्या जागी हेक्झेन घेऊ, म्हणजे फक्त कार्बन-हायड्रोजनचा एक साधा तेलकट द्रव. २० अंशांना पाण्याचा पृष्ठताण (नवा पृष्ठभाग उघडायला लागणारी ऊर्जा) ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर, म्हणजेच दर चौरस मीटरला ७३ मिलिज्यूल, हेक्झेनचा १८ आणि दोघांच्या सीमेवरचा ५१. म्हणजे चौरस मीटरभर हेक्झेन पाण्यापासून सोडवायला ७३ + १८ − ५१ = ४० मिलिज्यूल लागतात. हेक्झेनपासून हेक्झेन सोडवायला १८ च्या दुप्पट, ३६. बघा, पाण्याने धरलेलं हेक्झेन स्वतःच्या भाऊबंदांपेक्षा किंचित घट्टच बसलंय! पण पाण्यापासून पाणी सोडवायला १४६. सगळी गोम इथे आहे. लग्नात मामे-आतेभावंडं कोंडाळं करून बसतात तेव्हा नवरदेवाच्या ऑफिसातले दोघं आपोआप एका कोपऱ्यात गाठ पडतात. त्यांना कुणी हाकललेलं नसतं.

आणि खोलीच्या तापमानाला यात उष्णतेचा हिशेब जवळपास शून्य असतो. तोटा एन्ट्रॉपीचा, म्हणजे रेणूंना हवं तसं वळायच्या मोकळिकीचा. तेलाच्या रेणूभोवतीच्या पाण्याला आपले हायड्रोजन बंध टिकवायला ठरावीक दिशांनाच तोंड करून राहावं लागतं. दोन रेणू चिकटले की वेढ्यातलं थोडं पाणी मोकळं होतं. प्रथिनांच्या घडीमागेही मुख्यतः हेच आहे, असं रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर कौझमन यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं.

औषधाचंही बरंचसं तसंच, प्रथिनाच्या खोबणीत अडकलेलं पाणी सुटतं. फक्त "पाच हायड्रोजन बंध, म्हणून घट्ट" असलं काही लिहू नका. ते बंध आधी पाण्याशी होतेच, ते मोडून हे जुळले. निव्वळ कमाई थोडी. आयनांचंही, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचंही तेच, पाण्यात त्यांची ओढ सुमारे ८० पटींनी पातळ होते. प्रथिनाच्या आत खोलवर मात्र हा ८० लागू नाही.

वरचे आकडे हेक्झेनचे आहेत, फोडणीच्या तेलाचे नाहीत. त्यात एस्टर गट, म्हणजे ऑक्सिजन असलेले तुकडे असतात. तापमान वाढलं की एन्ट्रॉपीचं चित्रही बदलतं. आणि हो, आमटीवर तरंगणारे थेंब एकमेकांकडे सरकतात ते बरंचसं पृष्ठभागाला पडलेल्या बाकामुळे, तिथे रेणूंच्या आवडीनिवडीचा फारसा संबंध नाही. म्हणजे मुळात परीक्षकांनी दिलेलं उदाहरणच गंडलेलं होतं.