सानपाड्याची जुनी इमारत आणि भूकंपाचा मेसेज

ताई, "येत्या महिन्यात मोठा भूकंप" असा मेसेज फिरतोय म्हणून सानपाड्याच्या १९९६ च्या चार मजली इमारतीतलं घर विकावं का, असं तुम्ही विचारलंय.

मेसेज आधी डिलीट करा. कोयनेइतका बारकाईने अभ्यास झालेल्या जागा जगात थोड्याच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि सहकाऱ्यांनी धरणातलं पाणी आणि धक्के यांचं नातं उलगडलं, २०१७ पर्यंत तिथे ३ किमी खोल बोअरही घेतली. तरी मोठ्या धक्क्याची तारीख कुणी छातीठोक सांगत नाही. आणि किल्लारी तर १९९३ पर्यंत नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती!

ठाणे-नवी मुंबई भूकंपाच्या २०१६ च्या भारतीय मानकात झोन ३ मध्ये. म्हणजे मध्यम धोका. पण मला काळजी झोनची नाही, तुमच्या स्टिल्टची, म्हणजे खालच्या मोकळ्या पार्किंग मजल्याची आहे. २००१ चा भूकंप भुजकडचा, अहमदाबाद दोनशे किमीहून लांब, तरी तिथल्या अशा इमारती कोसळल्या. वर विटांच्या भिंतींनी मजले ताठ, खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम; सगळं हलणं त्या एका मजल्यावर येतं. त्यात कॉलमच्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा लांब अंतरावर आणि त्यांच्या टोकांचे हूक ९० अंशात वळवलेले असतील, तर सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर उडाल्यावर रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. हूक १३५ अंशात हवेत. साइटवर यावरून मी मुकादमांशी किती भांडलोय!

दुसरं, खाली खाडीचा गाळ किंवा भराव असेल तर लांबून आलेला धक्काही तो वाढवतो. पाइल, म्हणजे जमिनीत खोल गेलेले पायाचे खांब, असले तर इमारत खचत नाही, हलायची मात्र हलते.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, पुढे दर ३ वर्षांनी. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत ते झालं, तेव्हा आलेल्या माणसाने हातोडा वाजवला, गळती मोजली, प्लास्टरचं एस्टिमेट दिलं. भूकंपाचा शब्द नाही. म्हणून कन्सल्टंटला लेखी सांगा, आयएस १५९८८ (जुन्या आरसीसी इमारतींच्या भूकंप-तपासणीचं मानक) प्रमाणे तपासणी हवी. त्यातून स्टिल्टमध्ये कॉलम जॅकेटिंग (कॉलमभोवती नवं काँक्रीट-सळईचं आवरण) किंवा दोन-चार ठिकाणी आरसीसी भिंती असे उपाय निघतील. पार्किंगच्या एक-दोन जागा जातील, त्यावरून जनरल बॉडीत जो भूकंप होईल तो वेगळा.

विकायचं नंतर बघू. आधी मूळ आरसीसी ड्रॉइंग शोधा, मिळालं तर इथे टाका, रिंगांचं अंतर बघून सांगतो.